डोक्यावरचा हात

उजाडलं की उर्वशी आधी सोनूचं कपाळ पाहायची. चूल, चहा, गोठा हे सगळं त्यानंतर. तळहात कपाळावर, मग पोटावर, मग पुन्हा कपाळावर. दीड-दोन वर्षांची पोर झोपेतच हात झिडकारायची. कपाळ गार लागलं तर उर्वशी केस बांधून उठायची. जरासं कोमट वाटलं तर ते कोमटपण दिवसभर तिच्याच तळहातात राहायचं.

"काय वं, रोज कायचा ताप मोजते?" तिची सासू कौसल्या ओसरीत मशेरी लावता लावता म्हणायची. "लेकरू हाये, निखारा नाही."

"थंडी वाढली ना आई, म्हणून."

खरं कारण थंडी नव्हतं. खरं कारण आतल्या खोलीत पालथं झोपलेलं असायचं, आणि त्याच्या श्वासाला तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचा उग्र वास असायचा. गोपाल, तिचा नवरा, दिवाळीपर्यंत खर्रा खात नव्हता.

पोळ्याला झालं ते सगळ्या गावानं पाहिलं होतं. तोरणाखाली बैलांच्या रांगा लागल्या, वाजंत्री थांबली, आणि गोपाल कासरा हातात धरून तिथंच मातीत आडवा झाला. झुली पांघरलेली, बाशिंग बांधलेली जोडी आपली आपण घरी आली. कौसल्या ओवाळणीचं ताट घेऊन दारात उभी, पुढ्यात बैल, मालकाचा पत्ता नाही. "बैल तरी शुद्धीवर हायेत तुमचे," रस्त्यातून कुणीतरी म्हणालं आणि आळी हसली. कौसल्यानं बैलांचे पाय धुतले, ओवाळलं, पुरणपोळी चारली. गणपती बसले त्या दिवशी मात्र तिनं सगळ्यांना गाडीत घातलं आणि कळंबला नेलं.

चिंतामणी गणपतीच्या देवळाच्या पायऱ्या उतरून खाली गेल्यावर तिनं सोनूला उर्वशीच्या कडेवरून घेतलं आणि गोपालसमोर धरलं.

"ठेव हात."

नुकतंच जावळ उतरवलेलं ते डोकं गोपालच्या पंजात अख्खं मावलं.

"म्हण. पुन्हा पेलो तं."

तो म्हणाला. शेवटचे शब्द गिळायला गेला, पण कौसल्यानं गिळू दिले नाहीत. पोरीच्या जिवाचं नाव घेऊन वाक्य पुरं झालं, तेव्हा कुठं तिनं सोनूला परत दिलं.

उर्वशी सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. ताप कशानं येतो हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तरी ती तिथं गप्प उभी राहिली, आणि घरी आल्यावर भाकरी थापताना कौसल्यानं जे सांगितलं त्यानंतर तर बोलायचं राहूनच गेलं.

"गोपालच्या आधी मले एक पोरगा झालता," कौसल्या म्हणाली. "याच्या बापानं असाच हात ठेवलता त्याच्यावर. अन् पेला. आखाडात पोरगं तापलं, तं उतरलंच नाही." तिनं भाकरी उलटली. "मंग मरेपर्यंत थेंब नाही घेतला बुढ्यानं. शपथ खरी असते."

"मग सोनूवर कशाला हात ठेवायला लावला, आई?"

"मंग कोनावर ठेवाले लावू? माह्यावर ठेवला असता तं दुसऱ्या दिवशीच पेला असता."

दारू प्यालेला माणूस धडपडतो, असं लोक समजतात. उर्वशीला उलटं कळलं होतं. गोपाल प्यालेला असला की फार जपून वागायचा. चपला जोडीनं ठेवायचा. गाडीची चावी आवाज न करता खिळ्याला अडकवायचा. आईला 'जेवली काय' म्हणून विचारायचा. आणि सोनूला उचलायचा नाही. ती 'पप्पा, पप्पा' करत पायांना बिलगली की दोन्ही हात वर धरायचा, जसे काही चिखलानं भरलेत. कौसल्या कौतुकानं म्हणायची, "कामाचे हात हायेत, धुऊन ये मंग घे." तो धुवायला जायचा आणि तिकडेच राहायचा.

तो पुन्हा प्यायला लागलाय, हे एकट्या उर्वशीला माहीत होतं. सांगितलं तर त्या दिवसापासून सोनूची शिंक म्हणजे बापाचं पाप. न सांगितलं तर तो असाच जपून जपून बुडत जाणार. दारू सोडवणारं काही मोबाइलवर शोधलं तर नागपूर, पुणे निघायचं. तेवढ्यात कौसल्याची पावलं वाजायची आणि उर्वशी सोनूला बडबडगीत लावून द्यायची. घरात दार होतं, अंगण होतं, बाहेर एसटीचा रस्ता होता. तरी तिला रांजणात पडलेल्या माशीसारखं वाटायचं. कडेकडेनं फिरायचं, वर चढायचं, पुन्हा घसरायचं.

त्यात कापसाची वेचणी तटलेली. रोज दुपारून आभाळ भरून यायचं. फुटलेला कापूस पऱ्हाटीवर लोंबत होता. एक पाऊस आला की त्याची माती. गावातल्या बाया मिळेनात, म्हणून गोपाल सकाळी छोटा हत्ती टेम्पो घेऊन तांड्यावर जायचा आणि मागं भरून बाया आणायचा. उर्वशीही कमरेला ओटी बांधून त्यांच्यात वेचू लागली. सोनूची झोळी वावराच्या धुऱ्यावरच्या निंबाला टांगलेली.

तिच्या शेजारची पात, म्हणजे कापसाची ओळ, तांड्यावरच्या रामीबाईची असायची. रामीबाईची बोटं बोंडात शिरली की पाकळ्या रिकाम्या करूनच बाहेर यायची. उर्वशीच्या बोटांना वाळक्या बोंडांची टोकं लागून नखांच्या कडा सोलल्या होत्या. पांढऱ्या कापसाला मधेच लाल ठिपका लागायचा. तो भाग ती ओटीत खाली दाबायची, कौसल्याच्या नजरेला पडू नये म्हणून.

कौसल्या पलीकडच्या पातीवरून बोलत होती, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आमचा गोपाल पाहा. चिंतामणीपुढं हात ठेवला, सुटली. अन् या रामीचा देवीलाल. ना गळ्यात माळ, ना शपथ. म्हनते सोडली. अशी सुटते काय?"

"रविवार आला का धुतले कपडे घालून यवतमाळले जाते म्हनते, काकू," दुसरी बाई म्हणाली. "मिटिंग हाये म्हनते."

"कायची मिटिंग वं रामी? या वयात दुसरी तं पाह्यली नाही बुढ्यानं?"

बाया हसल्या. रामीबाईही हसली. "पाह्यली असन तं असू दे काकू. घरी आल्यावर भांडे घासू लागते. मले तेवढं पुरते."

दुपारी कौसल्या झोळीकडे गेली तेव्हा उर्वशी पऱ्हाटीआड वाकून हळूच म्हणाली, "मावशी, ती मिटिंग कशाची असते?"

"काहून?"

"माझी एक मामेबहीण आहे. उमरखेडला. तिचा नवरा."

रामीबाईनं वर पाहिलं नाही. "लय पेते?"

"लय नाही. पण पितो."

"अस्सं." दोन-चार बोंडं ओटीत गेली. "उमरखेडवरून यवतमाळ लांब पडन तुह्या बहिनीले."

"येईल ती."

"मंग सांगजो तिले. रविवारी दुपारून असते. बस स्टँडच्या मांगच्या गल्लीत शाळा हाये, तिची शेवटची खोली. समदे पेणारेच बसते तिथं. पेत होते थे. पुरं नाव कोनी इचारत नाही. बाई मानसानं बाहेर बसाचं." तिनं ओटी सारखी केली. "अन् थो गेल्याबरोबर बसन, असं नोको समजू म्हनाव. देवीलाल पयल्या बारीले दारातूनच वापस आला. दुसऱ्या बारीले खुर्चीपर्यंत गेला."

"तिथं शपथ घ्यायला लावतात का?"

"मी आत कुठी गेलो बाई. थे तुह्या बहिनीच्या नवऱ्यालेच समजन."

शनिवारी संध्याकाळी बाया गेल्या, गठुडी घरात आली, आणि झोळीतून काढताना कौसल्याच्या हाताला सोनूचं अंग लागलं. "चटका बसून राह्यला हिचा," ती म्हणाली. तिनं मीठ-मिरच्या घेऊन दृष्ट काढली, चुलीत टाकल्या. ठसका उठला नाही. मिरच्या मुक्यानं जळाल्या, म्हणजे लेकराला काहीतरी लागलं होतं. तशी कौसल्या वळली.

गोपाल पायरीवर चपला काढत होता. जोडीनं ठेवत होता.

"गोपाल. तू पेला काय?"

"नाही."

"ठेव हात."

"आई, गावात व्हायरल चालू आहे," उर्वशी म्हणाली. "अंगणवाडीतली निम्मी पोरं तापली आहेत."

"तू थांब."

गोपालनं उर्वशीकडे पाहिलं. ती नजर भिकाऱ्याची होती, पण तो काय मागत होता ते तिला कळेना. सांग म्हणत होता की सांगू नको म्हणत होता. तिच्या जिभेवर सगळं आलं होतं. तिनं सोनूचं तोंड पदरानं पुसलं आणि ते सगळं गिळलं. गोपालनं हात पुढं केला. पंजा डोक्यावर आला, पण टेकला नाही. केसांच्या वर बोटभर जागा राहिली. कौसल्याच्या बाजूनं ती दिसत नव्हती. उर्वशीच्या बाजूनं त्या फटीतून पलीकडच्या दिव्याचा उजेड दिसत होता.

"नाही पेलो," गोपाल हवेवर हात ठेवून म्हणाला.

मग तो विहिरीवरची मोटर पाहून येतो म्हणून गेला. आला तेव्हा त्यानं दार इतकं हळू लावलं की कडीसुद्धा वाजली नाही.

रविवारी सोनूला यवतमाळला पोरांच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरलं. कौसल्यानं अडवलं नाही; पदराच्या गाठीतला अंगारा पोरीला लावून दिला. कळंबपर्यंत मोटारसायकल, पुढं एसटी. डॉक्टरनं घसा पाहिला, छाती तपासली, व्हायरल म्हणून सांगितलं, औषध लिहून दिलं. उर्वशीनं दोनदा विचारलं, "नक्की व्हायरलच ना?" डॉक्टरनं चष्म्यावरून पाहिलं. आपण काय विचारून राहिलो हे ध्यानात येऊन ती लाजली.

दवाखान्यासमोरच्या टपरीवर चहा घेताना ती म्हणाली, "एका ठिकाणी जायचं आहे. दारू सोडलेल्या लोकांची मिटिंग असते."

गोपालचा कप हातातच राहिला. "कोनाले सांगितलं तू?"

"कुणालाच नाही. मामेबहिणीचा नवरा म्हणून विचारलं."

"कोनत्या मामेबहिनीचा?"

"नाही अशी कुणी."

त्याच्या ओठाची कड हलली. तेवढंच. मग तो रस्त्यावरच्या ऑटोंकडे पाहत बोलू लागला. "काल मी हात टेकवला नाही. पाह्यलं तू?"

"पाहिलं."

"अन् मंग जाऊन पेलो. भेव वाटते म्हनून पेतो, पेलो का आनखी भेव वाटते. ती खोकलली तरी मी उठून बसतो. आईनं सांगितलेलं थे पोरगं दिसते मले. पाह्यलं नाही कदी, पन दिसते." त्यानं चहा जमिनीवर ओतला. "तिथं गेलो तं पुन्हा शपथ घ्याले लावतीन. आता कोनावर ठेवू हात? घरात डोकं तं एकच होतं."

"नाही लावत शपथ," उर्वशी म्हणाली. हे तिला माहीत नव्हतं. पण ती उठली, आणि सोनू त्याच्या खांद्यावर झोपलेली होती म्हणून त्यालाही उठावं लागलं.

शाळेच्या शेवटच्या खोलीच्या दारात देवीलाल चहाची किटली घेऊन उभा होता. शेतात तो गोपालला मालक म्हणायचा. इथं त्यानं क्षणभर पाहिलं आणि म्हणाला, "या भाऊ. बसा." जशी काही आजच पहिली भेट होती.

गोपाल सोनूला सोडेना. ढालीसारखं पोरीला छातीशी धरून तो उंबऱ्यावर अडकून राहिला. देवीलाल घाई करत नव्हता. शेवटी उर्वशीनंच सोनूला ओढून घेतलं, आणि मोकळ्या हातांनी काय करावं ते न सुचून गोपाल आत गेला.

ती व्हरांड्यातल्या बाकावर बसली. खिडकीच्या गजांतून गोल मांडलेल्या खुर्च्या दिसत होत्या. माणसं साधीच, कुणी पँट-शर्टातलं, कुणी धोतरातलं. एक जाड मिशांचा माणूस उठला. "मी धम्मरत्न. मी बेवडा हाये." बाकीच्यांनी त्याला नमस्कार केला, जसं काही त्यानं गावाचं नाव सांगितलं. "विहारात वंदना मीच म्हनून घेत होतो. पाचवं शील, दारू न पेयाचं, आलं का आवाज चढवून म्हनत होतो, म्हनजे तोंडाचा वास कोनाले येऊ नये. एक दिवस पोरगी म्हनली, बाबा, आवाज मोठा केल्यानं वास लहान होत नाही."

खोली हसली. गोपालही हसला. उर्वशी बाकावरून अर्धी उठली. ते हसू तिनं पोळ्याच्या आधी कधीतरी पाहिलं होतं.

"आज पेली नाही," धम्मरत्न म्हणाला. "उद्याचं उद्या." आणि तो बसला.

गोपाल आधी खुर्चीच्या टोकावर होता. हळूहळू त्याची पाठ टेकली. तो बोलला नाही, पण ऐकत होता. मान ज्याच्या त्याच्याकडे वळत होती. सोनूचं अंग औषधानं घामेजत होतं. उर्वशीला वाटलं, इथंच राहावं. या बाकावर. घरी जाऊच नये.

मग सगळे उभे राहिले. शेजाऱ्यानं शेजाऱ्याचा हात धरला. देवीलालनं गोपालचा डावा हात घेतला, धम्मरत्ननं उजवा, आणि सगळे एका सुरात काहीतरी म्हणू लागले. उर्वशीला गोपालचा चेहरा दिसला. विजेच्या तारेला लागावेत तसे त्यानं दोन्ही हात ओढले. खुर्ची पडली. तो तिच्या समोरून आवारातल्या नळाकडे गेला आणि नळ सोडून हात धूत राहिला.

देवीलाल मागोमाग आला. जरा लांबच थांबला. "पार्थना हाये गोपालभाऊ. शपथ नाही."

"हात धरून म्हनत होते समदे."

"धराले काही तं पाह्यजे, म्हनून धरतो."

गोपाल पाण्याखाली हात तसेच धरून होता.

"पुढच्या रविवारी नोका धरू," देवीलाल म्हणाला. "खिशात ठेवजा हात. खिशात हात घालून बी बसता येते."

त्यांनी परतीची एसटी धरली. कळंब येईपर्यंत सोनूचा ताप उतरला होता. ती खिडकीवर थापा मारत होती.

घरी कौसल्या अंगणातच उभी होती. तिनं पोरीच्या गालाला गाल लावला, डोळे मिटले. "उतरला पाहा. काल हात ठेवला म्हनून उतरला. ये गोपाल, चिंतामणीचं नाव घे अन् ठेव हात."

गोपालनं दोन्ही हात पँटच्या खिशात घातले.

"नाही ठेवत."

"काहून?"

"पेलो मी. दिवाळीपासून पेऊन राह्यलो."

गोठ्यात बैलानं शेपटी आपटली. कौसल्या रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं सोनूला पदराखाली घेतलं, जसा काही पाऊस आला, आणि उर्वशीकडे पाहिलं. "तुले मालूम होतं."

उर्वशीनं औषधाची पिशवी पायरीवर ठेवली.

"अन् तू लेकराले याच्याजवळ निजू देत होती."

"ताप औषधानं उतरला आई." आपला आवाज परीक्षेत उत्तर न येणाऱ्या पोरीसारखा निघतोय, हे तिलाच ऐकू आलं.

"माह्या पोरालेही औषध दिलतं," कौसल्या म्हणाली आणि आत गेली.

सोमवारी पुन्हा वेचणी. आभाळ सकाळपासूनच उतरलेलं. कौसल्या झोळीच्या आसपासच राहिली. गोपाल गठुडी उचलायला आला की ती उठून झोळी आणि त्याच्या मधे उभी राहायची. बायांनी ते पाहिलं. कुणी विचारलं नाही, म्हणजे सगळ्यांना कळलं.

"गेलती काय तुही बहीन?" रामीबाईनं पातीतून विचारलं.

"गेली होती."

"अन् नवरा?"

"आत बसला. मग पळून आला."

"बसला तं."

उर्वशीची बोटं थांबली. "मावशी, मला मामेबहीण नाही."

"हौ." रामीबाईनं ओटी सैल केली. "गाडी रोज फाट्यावर हवा भराले थांबते. रोज एकाच चाकाची हवा जाते काय वं? आमी मांगं बसतो. आमाले नाक नाही?"

"मग तेव्हाच का नाही बोलली?"

"तू बहीन म्हनली, मी बी बहीन म्हनलं." दोन बोंडं, तीन बोंडं. "आज नाही थांबली गाडी. उद्याचं मी नाही सांगत."

तेवढ्यात सोनू जागी होऊन रडायला लागली. कौसल्या वावराच्या दुसऱ्या टोकाला पाणी प्यायला गेलेली. झोळीपाशी एकटा गोपाल होता, खांद्यावर गठुडं घेऊन. त्यानं गठुडं टाकलं आणि झोळीवर वाकून उभा राहिला, हात बाजूला सोडून.

"हात नोको लावू तिले," कौसल्या तिकडून ओरडली आणि पदर सावरत निघाली. बाया कमरेवर हात ठेवून सरळ झाल्या. सोनू झोळीच्या काठाला धरून उभी राहू पाहत होती, झोळी कलली.

उर्वशीला कलणाऱ्या झोळीची भीती वाटली, तशी त्याच्या हातांचीही वाटली, आणि दोन्ही वेगळ्या काढायला तिला वेळ नव्हता.

"उचला तिला," ती म्हणाली. पुन्हा, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "सोनूचे पप्पा, उचला."

त्यानं काखांखाली हात घालून पोरीला उचललं. सोनूनं हुंदका देत मान त्याच्या खांद्यावर टाकली. तो तसाच ताठ उभा राहिला, मान वर करून, पंजे तिच्या पाठीवर उघडे धरून. डोक्याला बोट लागू नये म्हणून त्यानं कोपरं खाली दाबून धरली होती. कौसल्या अर्ध्या वावरात थांबली होती. ना पुढं येत होती, ना मागं जात होती.

"येचा वं," रामीबाई म्हणाली. "पानी येईन."

बाया वाकल्या. उर्वशी वाकली नाही. कापसानं जड झालेली ओटी पोटाशी धरून ती तिथूनच सोनूचं कपाळ पाहत राहिली. इतक्या लांबून पाहून ताप कळत नाही, हे तिला ठाऊक होतं.